बोंडअळी, बुरशी आणि संध्याकाळची फवारणी

विदर्भातला कापूस उत्पादक जैविक कीटकनाशक वापरत नाही, हे वाक्य कृषी खात्याच्या बैठकांत हमखास ऐकू येते. खरे पाहता 2002 पासून तो ते बियाण्याच्या पाकिटातूनच विकत घेतो आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो 1901 मध्ये आजारी रेशीमकिड्यांत सापडला. पुढे 1911 मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठावरच्या पतंगाच्या अळीत दिसला आणि त्या प्रांताचेच नाव त्याला मिळाले. 1938 पर्यंत फ्रान्समध्ये त्याची भुकटी बाजारात आली होती. म्हणजे बियाण्यात जनुक घालण्याच्या कितीतरी आधी हा जिवाणू फवारला जात होता.

त्याचे काम मोठे नेमके. अळीच्या आतड्यात क्षारता असते. तिथे जिवाणूचे प्रथिन विरघळते, आतड्याच्या अस्तराला भोके पाडते, अळीचे खाणे काही तासांत थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते प्रथिन ज्याला चिकटते ती जागाच आपल्या आतड्यात नसते, म्हणून आपल्याला त्याची बाधा होत नाही. फवारलेले बीटी उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होते. हा दोष म्हणून सांगितला जातो. मला त्यातच त्याचा गुण दिसतो. झाडात कायम भिनलेले प्रथिन अळीच्या प्रत्येक पिढीला रोज चाळणी लावते. त्यातून तगतात त्या अळ्या पुढची पिढी घडवतात. हे होऊ नये म्हणून पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी मिळायची, कडेने आश्रयाच्या ओळी पेरण्यासाठी. ती पुडी बांधावर फेकली गेली किंवा घरी पडून राहिली. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देईनाशी झाली, हे 2010 मध्ये बीटीचे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच मान्य केले. पुढे दोन जनुकांचे बोलगार्ड-2 सुद्धा तिने पचवले. नागपूरला वर्धा मार्गावर पांजरीला असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतून, विशेषतः तेव्हाचे संचालक केशव क्रांती यांच्याकडून, याचे इशारे आधीपासून येत होते. 2017 च्या हंगामात विदर्भाने ते बोंडे फोडून पाहिले. डोमकळ्या, किडकी बोंडे, आणि वेचणीला आलेला कवडी कापूस.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली दाट पऱ्हाटी, ऑक्टोबरचा उष्मा, दोन-तीन औषधे एकत्र कालवून पाठीवरच्या पंपात, अंगात साधा सदरा. सरकारने चौकशी पथक नेमले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. त्यानंतर विषारी औषधाला पर्याय काय, हा प्रश्न विदर्भात चर्चासत्राबाहेर पडला.

इथे एक आडवळण घेतो. अमेरिकेतल्या गांजा उत्पादकांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. ओढले जाणारे हे पीक तिथल्या केंद्रीय कायद्याने बेकायदा असल्याने त्यावर औषधाचा किती अंश चालतो याची मर्यादाच कुणी ठरवली नव्हती. 2015 मध्ये डेन्व्हर शहराने परवानगी नसलेली औषधे फवारल्याच्या संशयावरून तिथल्या उत्पादकांची झाडे अडवून ठेवली. भांगेच्या औद्योगिक जातीला कायदेशीर मान्यता मिळाल्यावर तिथल्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये तिच्यासाठी पहिली दहा औषधे मंजूर केली. त्यातली नऊ तिथल्या व्याख्येनुसार जैविक होती, निंबोळीचे पदार्थ आणि जिवाणूजन्य औषधे धरून. आपल्याकडे गांजाचा विषय 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मिटला आहे.  मुद्दा तेवढाच की तिकडे ओढणाऱ्याच्या छातीची काळजी करून झाडे अडवली आणि इकडे फवारणाऱ्याच्या छातीचा हिशेब मृत्यूंनंतर लावला गेला.

मग आपल्या हाताशी काय आहे? ब्युव्हेरिया बॅसियाना, मेटारायझियम आणि लेकॅनिसिलियम या बुरशा, घाटेअळीचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही, आणि बीटीची भुकटी. यात निंबोळी अर्क किंवा दशपर्णी येत नाही, ते वनस्पतिजन्य. पण गावात सगळ्याला मिळून ‘जैविक’ म्हणतात आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या माथी मारतात. बुरशीचे बीज अळीच्या किंवा तुडतुड्याच्या अंगावर पडते, रुजते, कातडी भेदून आत शिरते. ती खाल्ली जायची गरज नसते, म्हणून रस शोषणाऱ्या मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावरही चालते. भिवापूरच्या मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी म्हणूनच बुरशी पाहायची, बीटी नव्हे.

कुणाला हे ऐकीव वाटत असेल, तर त्याने पावसाळी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोयाबीनच्या वावरात जावे. झड लागली की पानाला चिकटून ताठ झालेल्या, पांढऱ्याफट्ट अळ्या दिसतात. दोन दिवसांनी त्यांच्यावर फिकट हिरवी भुकटी चढते. ही निसर्गातली नोमुरिया बुरशी. कुणी फवारलेली नाही, कुणी विकलेली नाही. आठवडाभर आभाळ ओले राहिले तर ती अख्खे वावर साफ करते. ज्या शेतकऱ्याने त्या आधीच घाईने बुरशीनाशक मारले, त्याने आपलेच औषध मारले.

2008 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. या सूक्ष्मजीवांना नेमकी हीच गोष्ट लागते: आधी मोजणी, मग फवारणी. कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग, किंवा दहा टक्के डोमकळ्या वा किडकी बोंडे, हा कापूस संशोधन संस्थेचा आकडा. गुलाबी अळी अंड्यातून निघाल्यावर बोंडात शिरायला फार वेळ लावत नाही. शिरली की वरचे भोक बुजते आणि मग विष मारा की बुरशी, आत काहीच पोचत नाही. बुरशी आणि बीटीची संधी फार अरुंद, आणि ती सापळा पाहणाऱ्यालाच दिसते. डिसेंबरनंतर फरदड ठेवणाऱ्याला तर कोणतेच औषध वाचवणार नाही.

कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे: ब्युव्हेरियाची भुकटी दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम. पण फवारणी संध्याकाळी, हवेत ओलावा असताना. सोबत बुरशीनाशक नाही. विषारी औषध मारलेला पंप न धुता नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याच्या गोदामात तो डबा तीच उष्णता महिनोन् महिने सोसतो. नियमाप्रमाणे ग्रॅममागे दहा कोटी जिवंत बीजे हवीत. गोदामातून बाहेर पडेपर्यंत त्यातली किती श्वास घेत असतात, हे दुकानदार सांगत नाही. त्यात काही कंपन्या गुपचूप रासायनिक औषध मिसळून ‘जैविक’ म्हणून विकतात, म्हणजे अळी लगेच मरते आणि गिऱ्हाईक खूश. खरे जैविक औषध दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दाखवते. ‘काहीच फरक पडला नाही जी’ अशी ओरड करणाऱ्या शेतकऱ्याला चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वावरात नेणारा माणूस लागतो, तो पुरवणे हे खात्याचे खरे काम. मला यात सगळ्यात मोठी कमतरता दिसते ती औषधाची नाही, या माणसाची.

संत्र्याच्या बागांत चित्र थोडे बरे. अमरावती मार्गावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्याने बागायतदार लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीला बीटी मारतात. बाग एका जागी असते आणि मालक बहुधा तिथे फेरी मारत असतो, हे त्याचे कारण.

आता दिवाळीनंतर हरभरा पेरला जाईल, काही ठिकाणी पेरूनही झाला असेल. डिसेंबरात घाटेअळी येईल. एचएएनपीव्ही विषाणू हा या अळीवरचा एक चांगला जैविक उपाय आहे, तो फक्त तिलाच मारतो. मेलेली अळी झाडाच्या शेंड्यावर उलटी लटकते, आतून पाणी होते आणि त्या पाण्यातून पुढच्या अळ्या लागतात. लहान अळ्या दिसताच संध्याकाळी फवारा. डब्यावर नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख दोन्ही पाहा, नसतील तर डबा परत करा. आणि दुकानदाराला सांगा, डबा उन्हात ठेवू नकोस.