गोदाम दुकानामागेच असेल तर

२०२५ संपता संपता रॅमचे भाव असे चढले, की जुनं मशीन कसंबसं ओढत नेणारा कुणीही स्वस्तातला उपाय शोधणारच. असा एक उपाय ऑनलाइन बाजारात जुन्या मालात किरकोळ किमतीला पडून असतो: इंटेलचं ‘ऑप्टेन मेमरी’ मॉड्यूल. च्युइंगगमच्या पाकिटाएवढी पट्टी, १६ किंवा ३२ जीबीची, मदरबोर्डवरच्या एम-डॉट-टू खाचेत बसणारी. नावातच मेमरी आहे आणि वेग वाढवण्याचं आश्वासनही. मग प्रश्न येतो, की ज्या संगणकात आधीच एसएसडी आहे त्याला ही पट्टी कॅश म्हणून लावून काही फरक पडतो का?

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच सांगून टाकतो: हाताला लागेल असा फरक पडत नाही. ते पैसे रॅमसाठी राखून ठेवा. बाकीच्यांनी पुढे वाचावं, कारण हाच प्रश्न नाव बदलून दर चार-पाच वर्षांनी परत येतो.

प्रश्न पुण्या-मुंबईतल्या गेम खेळणाऱ्या पोरांचा वाटतो. पण तो वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी जास्त खरा आहे. नांदेडहून अर्धापूर ओलांडून आलं की हा फाटा लागतो. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला आणि पुढे वाशीम-अकोल्याला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. अशा फाट्यावर चहा-भज्यांच्या हॉटेलांइतकीच गरज असते ती ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानांची. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचे अर्ज, २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म, मग शेतकऱ्यांचा ओळख क्रमांक. २०२३ च्या खरिपात पीकविमा एक रुपयात आला तेव्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अशा केंद्रांवर काय गर्दी उसळली ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्या गर्दीत काउंटरवरचं मशीन असतं बहुधा एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेलं जुनं डेस्कटॉप: चार जीबी रॅम, आणि कुणीतरी मागाहून बसवून दिलेली २५६ जीबीची एसएसडी. ‘हँग होतंय’ ही तक्रार इथं रोजची. गेम खेळणाऱ्याचं मशीन अडलं तर एक डाव जातो, इथं अडलं तर बाळापूरहून आलेला माणूस दिवसभराची मजुरी बुडवून बसलेला असतो.

आता कॅश म्हणजे काय ते. फाट्यावरचा किराणा दुकानदार रोज खपणाऱ्या वीस-तीस वस्तू काउंटरमागच्या फळीवर ठेवतो. बाकी माल नांदेडहून मागवायचा. गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू फळीवर निघाली तर क्षणात काम होतं, नाहीतर उद्या या. फळीची सगळी किंमत नांदेडच्या अंतरात आहे. उद्या त्याच दुकानदारानं दुकानाच्या भिंतीपलीकडेच गोदाम बांधलं, तर फळी तेवढीच राहील, माल तोच राहील, पण तिचा फायदा दोन पावलांपुरता उरेल.

संगणकातलं नांदेड म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई योग्य वर्तुळावर न्यायला लागणारा वेळ. एकूण धरा १२ मिलिसेकंद, तेही चांगल्या दिवशी. एसएसडीत काही फिरत नाही, तिला तेच काम करायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. ऑप्टेन त्याहूनही दहापट चपळ होती, सुमारे शंभरावा हिस्सा. रॅम तर त्याच्याही कितीतरी पुढे.

हिशेब मांडून बघू. समजा एक प्रोग्रॅम उघडताना डिस्कवरून ३,००० बारीकसारीक तुकडे एकामागून एक वाचावे लागतात. हार्ड डिस्कला लागतील ३६ सेकंद. तिच्यापुढे ऑप्टेन बसवली आणि दहातले नऊ तुकडे तिच्यात सापडले, तर काम साडेतीन-पावणेचार सेकंदांत उरकतं. बत्तीस सेकंद वाचले. हा फरक डोळे मिटूनही कळेल. आता तेच तीन हजार तुकडे एसएसडीवरून वाचा: सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पुढे कॅश लावली तर त्यातला पाव सेकंद वाचेल. कागदावर ही ‘पाचपट’ वाढ आहे आणि विक्रेत्यांना कागदच आवडतो. प्रत्यक्षात प्रोग्रॅम उघडायला लागणारे तीन-चार सेकंद आता डिस्कमुळे जातच नाहीत. ते प्रोसेसरच्या कामात जातात, अँटिव्हायरसच्या तपासणीत जातात, नेटवर्कची वाट बघण्यात जातात. तिथं कॅशची फळी कितीही भरून ठेवा, उपयोग शून्य.

शिवाय एक गोष्ट खोक्यावर ठळक छापत नाहीत. १६ जीबीच्या ऑप्टेन मॉड्यूलचा वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे ९०० एमबी होता, पण लिहिण्याचा अवघा १४५. साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास लिहिते. म्हणजे मोठी फाइल लिहिताना ही ‘वेगवाढ’ एसएसडीपेक्षा हळू.

कल्पना मात्र जुनी आणि भक्कम. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या, संथ मेमरीपुढे छोटी, चपळ मेमरी ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये आयबीएमनं सिस्टिम/३६० च्या ८५ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये ती जाहीर केली. आज तुमच्या मोबाइलच्या प्रोसेसरमध्येही तशा दोन-तीन पायऱ्या असतात. डिस्कसाठी हाच खेळ विंडोज व्हिस्टाच्या काळात, २००७ मध्ये, ‘रेडीबूस्ट’ नावानं आला. पेनड्राइव्ह खोचा आणि मशीन पळवा, अशी ती गंमत. पुढे विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच एक तपासणी घातली. विंडोज एसएसडीवर असेल तर रेडीबूस्ट चालूच होत नसे. संगणक आधीच पुरेसा वेगवान आहे, याचा फायदा होण्याची शक्यता नाही, अशा अर्थाचा संदेश यायचा. खरं तर सगळा लेख त्या एका संदेशात आहे. २०१० मध्ये सीगेटनं हार्ड डिस्कच्या पोटात चार जीबी फ्लॅश घातली, २०११ मध्ये इंटेलनं झेड-६८ चिपसेटवर छोटी एसएसडी कॅश म्हणून वापरायची सोय दिली. प्रत्येक वेळी कारण एकच होतं: मोठी एसएसडी परवडत नाही.

ऑप्टेनचं मॉड्यूल एप्रिल २०१७ मध्ये आलं, १६ जीबी ४४ डॉलरला, ३२ जीबी ७७ डॉलरला. मायक्रॉनसोबत २०१५ मध्ये जाहीर केलेलं ‘थ्रीडी क्रॉसपॉइंट’ हे तंत्र त्यामागे होतं आणि ते खरोखर देखणं तंत्र होतं, यात मला शंका नाही. पण मॉड्यूल चालायचं ते इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या ठरावीक मशिनींवर. आणि जी दरी भरायला ते आलं, ती एसएसडीचे भाव पडल्यामुळे आपोआप बुजत चालली होती. २०१९ मध्ये इंटेलनं एकाच पट्टीवर ऑप्टेन आणि स्वस्त एसएसडी एकत्र बसवून ‘एच-१०’ काढलं. तेही रुजलं नाही. २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली, २०२२ च्या जुलैमध्ये इंटेलनं ऑप्टेनचा धंदा गुंडाळला आणि ५५.९ कोटी डॉलरचा माल तोट्यात लिहिला.

या काळात काही विक्रेत्यांनी केलेली चलाखी मात्र अजून लोकांना भोवते. आठ जीबी रॅम आणि सोळा जीबी ऑप्टेन असलेला लॅपटॉप ‘२४ जीबी मेमरी’ म्हणून विकला गेला. जुना लॅपटॉप घेताना असा आकडा दिसला तर दुकानात उभ्या उभ्या टास्क मॅनेजर उघडा. मेमरीच्या पानावर खरी रॅम किती ते दिसतं. त्याच पानावर ‘कॅश्ड’ असा एक आकडा असतो. तो महत्त्वाचा आहे. विंडोज मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइली ठेवून देतं. म्हणजे सगळ्यात चपळ कॅश तुमच्याकडे आधीच आहे, विकत घेतलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान. फक्त तिला पसरायला जागा हवी. चार जीबीत विंडोज आणि क्रोमचे सात-आठ टॅब कोंबले, की ही कॅश आक्रसते. उलट रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलावा लागतो. मग माणसं डिस्कला दोष देतात.

एसएसडीच्या आतही कॅश असते. कुठला तुकडा कुठल्या चिपमध्ये आहे याचा नकाशा तिला ठेवावा लागतो, आणि चांगल्या एसएसडीत त्यासाठी दर टीबीमागे सुमारे एक जीबी डीरॅम असते. स्वस्त एसएसडीत ती नसते. एनव्हीएमई प्रकारची असेल तर ती संगणकाच्याच रॅममधून थोडी जागा उसनी घेते, साटा प्रकारच्या एसएसडीला ही सोय नाही. शिवाय बहुतेक एसएसडी मोकळी जागा तात्पुरती वेगळ्या पद्धतीनं वापरून लिहिणं वेगवान करतात. डिस्क काठोकाठ भरली की हा वेग कोसळतो. तेव्हा कॅश शोधायचीच असेल तर नवी एसएसडी घेताना डीरॅम आहे का ते बघा आणि पाचवा हिस्सा रिकामा ठेवा.

फाट्यावरच्या काउंटरसाठी तपासणी साधी आहे. मशीन अडतं त्या क्षणी टास्क मॅनेजर बघायचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम हवी. डिस्क १०० टक्के असेल आणि ती फिरती असेल, तर एसएसडी हवी. दोन्ही आरामात बसलेत आणि पोर्टलवर गोल फिरतंय, तर पलीकडचा सर्व्हर दमलाय. त्यावर फाट्यावर मिळणारा कुठलाही सुटा भाग चालत नाही.

कॅशचे दिवस संपले असं मात्र नाही. वारंगा फाट्याच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांवरून अखंड नोंदी येत राहतील. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदी आज जगभरच्या संगणकांना पुरवताना वाटेत ठिकठिकाणी कॅश सर्व्हर ठेवलेले असतात, कारण हजारो गणितं त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा मागतात आणि मूळ साठा समुद्रापलीकडे असतो. त्या कॅश सर्व्हरांत खुशाल एसएसडी असू द्या, फायदा होतोच. तिथं अंतर खंडांचं आहे, भिंतीपलीकडच्या गोदामाचं नाही.

आता ज्यांच्या मशीनमध्ये ऑप्टेन आधीपासूनच आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, आणि ती दुरुस्तीवाल्यांनाही ठाऊक असलेली बरी. हे मॉड्यूल नुसती प्रत ठेवत नाही. नुकतं लिहिलेलं काही त्यातच असतं, मूळ डिस्कवर अजून पोचलेलं नसतं. मशीन उघडून पट्टी सरळ उपसली तर विंडोज चालू न होण्याची आणि फाइली बिघडण्याची पाळी येते. आधी मशीनमधला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या. मग इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ऑप्टेन ‘डिसेबल’ करा, ते काम पुरतं होऊ द्या. मध्येच वीज गेली तर पंचाईत, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावूनच बसा. त्यानंतर मशीन बंद करून स्क्रू काढा. मोकळ्या झालेल्या खाचेत, मदरबोर्ड चालवून घेत असेल तर, एनव्हीएमई एसएसडी बसते.