चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर अजून का चालवतात?



आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीनं आम्हाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. इंग्लंडमधले एक पन्नाशीचे गृहस्थ जुन्या, जाडजूड कॉम्प्युटरपुढे बसून मन लावून काहीतरी टाइप करत होते. ताई म्हणाल्या, "यांना नवा घ्यायला पैसे नाहीत का?" पैसे आहेत, घरात नवा कॉम्प्युटरही आहे. तरी ते जुन्यापाशी का बसतात, तेच आज सांगतो.

त्या कॉम्प्युटरचं नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो १९८१ च्या डिसेंबरात आणला. सामान्य लोकांना कॉम्प्युटर समजावा म्हणून बीबीसीनं १९८२ मध्ये टीव्हीवर मालिका सुरू केली, तिच्या जोडीला हे यंत्र होतं. ब्रिटनच्या शाळाशाळांत ते पोहोचलं. आपल्याकडेही १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात सुमारे अडीचशे शाळांना हेच यंत्र मिळालं होतं.

त्याची स्मरणशक्ती ३२ किलोबाइट, म्हणजे जेमतेम बत्तीस हजार अक्षरांची. आपल्या मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. मग एवढ्याशा यंत्रात लोकांना काय सापडतं?

पहिली गोष्ट, ते हुकमाची वाट बघतं. बटण दाबलं की 'बीप' वाजतो आणि पडद्यावर एक खूण येते. जाहिरात नाही, पासवर्ड नाही. 'बेसिक' नावाच्या सोप्या भाषेत दोन ओळी लिहायच्या. दहा नंबरची ओळ सांगते, माझं नाव छाप. वीस नंबरची सांगते, परत दहावर जा. झालं! पडदाभर आपलं नाव धावायला लागतं. चूक झाली तर यंत्र कोणत्या ओळीत चुकलं ते सांगतं. यंत्रावरची ही भाषा सोफी विल्सन या बाईंनी लिहिली.

दुसरी गोष्ट, जागा कमी म्हणून डोकं लावावं लागतं. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी या यंत्रासाठी 'एलिट' नावाचा खेळ लिहिला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे ग्रह ठेवले कुठे? ठेवलेच नाहीत. आपण ठिपक्यांची रांगोळी पाठ करताना अख्खं चित्र पाठ करत नाही. किती ठिपके, किती ओळी आणि कसे जोडायचे, एवढंच लक्षात ठेवतो. त्या दोघांनी तसाच नियम यंत्राला दिला आणि यंत्र लागेल तेव्हा ग्रह तयार करत गेलं. असली युक्ती आपल्यालाही जमते का, हे बघण्यात हौशी मंडळींच्या रात्री जातात.

तिसरी गोष्ट, ते उघडता येतं. पायाच्या शिलाई मशीनचा पट्टा बदलावा, तसे त्याचे सुटे भाग बदलता येतात. वीजपुरवठ्यातला एक जुना कंडेन्सर हमखास फुटतो आणि खोलीभर धूर होतो. म्हणून जाणकार मंडळी जुनं यंत्र हाती आलं की आधी तो बदलतात, मगच वीज जोडतात. ब्लेचली पार्कच्या आवारात कॉम्प्युटरचं संग्रहालय आहे. तिथं बीबीसी मायक्रोंचा अख्खा वर्ग मांडला आहे आणि आजची शाळकरी मुलं तिथं बसून प्रोग्राम लिहितात.

आपण रेडिओवाल्या, म्हणून एक गंमत सांगतो. त्या काळी घरोघरी प्रोग्राम साठवायला साधी कॅसेट चालायची. प्रोग्राम म्हणजे नुसता किरकिर आवाज! नेदरलँड्सच्या रेडिओवर 'हॉबीस्कूप' कार्यक्रमात तो आवाज चक्क प्रसारित करायचे. ऐकणाऱ्यांनी टेप करायचा आणि आपापल्या कॉम्प्युटरला ऐकवायचा.

आणि हा जुना कॉम्प्युटर आपल्यापासून फार लांब नाही. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एकॉर्नमध्येच पुढं 'आर्म' नावाची चिप आखली. ती कशी चालेल, हे विल्सनबाईंनी आधी बीबीसीच्या बेसिकमध्ये लिहून तपासलं. पहिली चिप १९८५ मध्ये तयार झाली. आज आपल्या जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये त्याच घराण्याची चिप असते.

हे ऐकून आम्हाला आमचीच एक बैठक आठवली. मोबाईलमधल्या हिशोबात एका ताईंचे दोन हप्ते थकलेले दिसले. त्या सांगत होत्या, "मी भरलेत." आम्ही म्हणालो, "मोबाईल कसा चुकेल?" त्या रडवेल्या झाल्या. मग कर्जाची वही काढली, ओळ न् ओळ जुळवली. त्यांचे हप्ते त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या ताईंच्या खात्यात आम्हीच टाकले होते. वही आम्हाला वाचता येत होती म्हणून त्या खोट्या ठरल्या नाहीत.

ते गृहस्थही जुनं यंत्र असंच धरून बसले आहेत. त्यातली प्रत्येक ओळ त्यांना वाचता येते, बिघाड शोधता येतो. नव्या यंत्राला त्यांची ना नाही, आपलीही नाही. पण सख्यांनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. कोणत्याही एका सखीचं खातं घ्या, मुद्दल, व्याज आणि हप्ते सगळ्यांनी मिळून वहीत हातानं मांडा, आणि मगच मोबाईलचा आकडा बघा. जुळला नाही, तर चूक कुठं आहे ते शोधल्याशिवाय उठू नका.