लुक्का : मुलांच्या हाती दिलेली तटबंदी

पिसाचा झुकता मनोरा बघून झाला की आपल्याकडच्या बहुतेक सहली थेट फ्लॉरेन्स गाठतात. पिसापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं लुक्का त्यात राहून जातं. मुलांना घेऊन इटलीला जाणाऱ्यांनी मात्र ते चुकवू नये. पिसाहून आगगाडीनं अर्ध्या तासात लुक्का येतं. स्टेशनाबाहेर पडलं की समोर हिरवळ आणि तिच्यापलीकडे विटांची रुंद, बुटकी वाटावी अशी तटबंदी. तिच्या माथ्यावर मोठाली झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीतून सायकली धावत असतात.

तटबंदीचा पूर्ण फेरा चार किलोमीटरहून थोडा अधिक. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. बाहेरून वीट, आत मातीचा प्रचंड भराव, म्हणजे तोफगोळा आला तर मातीत रुतून बसावा. झाडंसुद्धा शोभेची नव्हेत. मुळांनी भराव धरून ठेवावा म्हणून ती लावली. धास्ती होती शेजारच्या फ्लॉरेन्सची, पण हल्ला कधी झालाच नाही. भिंत कामी आली ती 1812 साली, सेर्क्यो नदीला महापूर आला तेव्हा. वेशी बंद केल्या आणि गाव वाचलं. नेपोलियनची बहीण एलिझा तेव्हा इथली सत्ताधीश होती. बंद वेशीमुळे तिला दोरखंडानं तटावरून आत ओढून घ्यावं लागलं, असं सांगतात. आमच्या मुलांना लुक्काच्या इतिहासातला हा एवढा भाग तोंडपाठ झाला.

रोमन वसाहत, रेशमाचा व्यापार, स्वतंत्र प्रजासत्ताक, मग नेपोलियनचं घराणं, बूर्बों, शेवटी एकसंध इटली, हा क्रम कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळेल. मला महत्त्वाचं वाटलं ते नंतरचं. 1865 साली फ्लॉरेन्स राजधानी झालं आणि तिथे रुंद रस्त्यांसाठी जुने तट पाडले गेले. त्याच सुमारास लुक्काच्या नगरपालिकेनं आपला तट सरकारकडून विकत घेतला आणि राखला. आज तो गावाचं अंगण आहे. सकाळी आजीआजोबा फेऱ्या मारतात, दुपारी शाळा सुटलेली मुलं बुरुजांच्या गवतावर फुटबॉल खेळतात. वेशीजवळच्या दुकानांत सायकली भाड्यानं मिळतात: लहान मुलांच्या, दोघांनी मिळून चालवायच्या, बाळासाठी मागे खुर्ची लावलेल्या. वर मोटार नाही, चढउतार नाही, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीलाही मोकळं सोडता येतं. एका बाजूला घरांची कौलं आणि देवळांचे मनोरे, दुसऱ्या बाजूला डोंगर, असं अख्खं गाव तिनं स्वतःच्या पायांनी फिरून पाहिलं.

गावात शिरल्यावर मुलांची पसंती गुइनीजी मनोऱ्याला. सुमारे 45 मीटर उंचीचा चौदाव्या शतकातला हा मनोरा, आणि त्याच्या गच्चीवर चक्क झाडं वाढलेली आहेत. दोनशेहून अधिक पायऱ्या मुलं शर्यत लावून चढली. वरून खाली पाहिलं की घरांच्या गर्दीत एक लंबगोल चौक दिसतो. तिथे एकेकाळी रोमनांचं क्रीडागार होतं. ते ढासळलं, लोकांनी त्याच्याच भिंतींना टेकून घरं बांधली आणि आकार तेवढा टिकला. आतली दाटी एकोणिसाव्या शतकात हटवून तिथे बाजार भरवला गेला.

पण माझं मन रमलं ते सान मार्तीनोच्या कॅथेड्रलसमोर. 1204 साली ग्विदेत्तो नावाच्या कारागिरानं घडवलेल्या त्याच्या दर्शनी भागावर खांबांच्या ओळी एकावर एक चढत जातात. पाटावरच्या रांगोळीत एकच नक्षी पुन्हा काढायची नाही असं ठरवावं, तसे हे खांब आहेत. कुणाला पीळ, कुणाला गाठ, कुणावर वेली, कुणावर प्राणी. दंतकथा अशी की कॅथेड्रलसाठी उत्तम खांब कोण घडवतो याची गावानं स्पर्धा लावली. कारागिरांनी एकेक नमुना आणून दिला. गावकऱ्यांनी सगळेच खांब ठेवून घेतले आणि पैसे कुणालाच दिले नाहीत! ही गोष्ट आम्हाला पायरीवर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. मुलं त्यांना पहिल्या पाच मिनिटांत ‘आजोबा’ म्हणू लागली. त्यांनी मुलांना कामाला लावलं: सारखे दोन खांब शोधून दाखवा. माना दुखेपर्यंत शोध चालला.

मग आजोबांनी ओसरीतल्या उजवीकडच्या खांबाकडे नेलं. तिथे दगडात एक गोल चक्रव्यूह कोरला आहे. शेजारच्या लॅटिन ओळी सांगतात की हा ग्रीक पुराणकथेतला, क्रीटच्या डेडालसनं रचलेला चक्रव्यूह. यातून सुटला तो एकटा थीसियस, आरिआद्नेच्या धाग्यामुळे. मधोमध थीसियस आणि चक्रव्यूहातला राक्षस मिनोटॉर कोरलेले होते असं मानतात. आज तिथे काही दिसत नाही. शतकानुशतकं लोकांनी बोट फिरवत वाट शोधली आणि आकृत्या झिजून गेल्या. “आता तुम्ही डोळ्यांनी चाला,” आजोबा म्हणाले. माझ्या मुलानं हात पाठीमागे बांधले आणि नजरेनं मध्यापर्यंत जाऊन आला. जुनी वास्तू जपायची असते हे मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. त्या झिजलेल्या दगडापुढे ते त्याला पटलं.

आत इलारिया देल कारेत्तोची समाधी आहे. गुइनीजी घराण्याची ही तरुण सून 1405 साली बाळंतपणात गेली. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चानं तिला संगमरवरात निजवलं आणि पायाशी तिच्याकडे बघणारा कुत्रा बसवला. माझी लेक त्या कुत्र्यापासून हलायला तयार नव्हती.

बाहेर आल्यावर आजोबांनी मनातली खंतही सांगितली. तटाच्या आतलं त्यांचं बिऱ्हाड गेलं, कारण जिना चढवेना आणि आसपासची घरं पाहुण्यांसाठी भाड्यानं लागू लागली. चांभार गेला, किराणावाला गेला, त्यांच्या जागी चुंबक आणि पिशव्या विकणारी दुकानं आली. हे ऐकताना मला अवघडल्यासारखं झालं, कारण आमचं राहणंही तशाच एका घरात होतं. तट गावानं राखला, पण आतली माणसं राखणं त्याहून अवघड आहे, आणि त्यात आपल्यासारख्या पाहुण्यांचाही वाटा आहे. तेव्हा तीन तासांत फोटो काढून पळू नये. दोन रात्री राहावं, गावातल्यांच्या दुकानांत खर्च करावा. 1881 पासून चालत आलेल्या ताद्देउच्ची बेकरीत मनुका-बडीशेप घातलेला बुच्चेल्लातो पाव घ्यावा.

त्याच 1881 साली पिनोक्यो मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागला होता. लेखक कार्लो लोरेन्झिनीनं टोपणनाव घेतलं ते आईच्या गावाचं, कोल्लोदीचं. ते गाव लुक्कापासून जवळ आहे आणि 1956 पासून तिथे पिनोक्यो उद्यान आहे. दुसरा दिवस मुलांसाठी तिकडे ठेवावा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक सूचना. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे कॉमिक्सचा प्रचंड महोत्सव भरतो. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि तटावर सायकलीला जागा उरत नाही. एप्रिल-मे उत्तम. आधी सायकली घ्या, तटाचा पूर्ण फेरा मारा, आणि पुढे कुठल्या वेशीनं गावात उतरायचं ते मुलांना ठरवू द्या.