कासारवाडीत उतरलं तर

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल दापोडी सोडून पिंपरीच्या आधी कासारवाडीला थांबते. उतरणारे बहुतेक जण तडक नाशिक फाट्याकडे वळतात. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून लोक या गावावरून पुढेच जात आले आहेत. नंतर जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल, २०२२ पासून मेट्रो. बाकीचा इतिहास पिंपरी-चिंचवड उद्योगनगरीचा, म्हणजे सगळ्यांना तोंडपाठ: १९५४ची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकातली एमआयडीसी, १९८२ची महानगरपालिका.

गावठाणात शिरून कासारांची घरं कुठली, असं एका आजोबांना विचारलं. "भांडी घ्यायचीत का? मग पिंपरी मार्केटला जा," ते म्हणाले.

भांडी नाहीत, पण धातू आहे. एका पत्र्याच्या शेडमध्ये म्हातारे मिस्त्री लेथवर गनमेटलचे बुश काढत होते. कासारांच्या काशात तांबं आणि कथील. गनमेटलमध्ये त्यांच्या जोडीला थोडं जस्त. म्हणजे घराणं कासाराचंच! फाउंड्रीतून आलेल्या ओतीव तुकड्यावर वाळूची खरबरीत साल असते. पहिल्या घावात ती निघते, मग आतून बोर. शेवटचा घाव देण्याआधी मिस्त्रींनी मशीन थांबवलं, व्हर्नियर लावला आणि तरीही बोट आत फिरवून पाहिलं. बुशमध्ये फिरणारा शाफ्ट पोलादी, बुश मऊ. झिजायचं ते बुशनं, कारण बदलायला तो स्वस्त. पोलादाची साल लांबलचक वेटोळी निघते, गनमेटलची मात्र दाणेदार पडते. ती वेगळ्या डब्यात. भंगारवाला आधी तीत लोहचुंबक फिरवतो, लोखंड सापडलं की भाव पाडतो.

या कामाची नोंद कोण ठेवणार? १८८५च्या पुणे गॅझेटियरनं शहरातल्या तांब्या-पितळेच्या कारागिरीवर पानं खर्च केली. आपण पुलाला नाव देतो, चौकात कारंजं बसवतो आणि शेडवाल्यांना अतिक्रमणाच्या यादीतच शोधतो.

मिस्त्रींचा मुलगा चाकणला सीएनसीवर आहे. "पगार चांगला आहे, पण माप मशीनच धरतं," ते म्हणाले. तेवढ्यात पंपाचा झिजलेला बुश घेऊन कुणीतरी आलं. आजच पाहिजे, म्हणे.

"उद्या," मिस्त्री म्हणाले. "आणि शाफ्ट आणा सोबत. नुसत्या बुशवरून काय माप घेऊ?"