वार्धक्य, अर्धशक्ति आणि व्यायामाचे सातत्य

साठीकडे झुकलेल्या रुग्णास बलवर्धक व्यायाम सांगावा की नाही, याविषयी आपल्या वैद्यवर्गात आजही एकवाक्यता नाही. वृद्धाने व्यायाम वर्ज्य करावा, हा वाग्भटाचार्यांचा निषेध पुष्कळांना मुखोद्गत असतो आणि त्याच्या आधारे पंचावन्न वर्षांच्या धडधाकट गृहस्थासही ‘आता फक्त फिरायला जा’ असे सांगितले जाते. आमच्या मते हा त्या वचनाचा विपर्यास होय, आणि त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. आपल्या रत्नागिरीत पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवर तोल गेला, की सावरण्याइतके बळ मांड्यांत उरलेले नसते. खुब्याचे हाड मोडल्यावर वृद्ध माणूस पूर्ववत चालू लागणे किती दुर्घट असते, हे वैद्यांस सांगावयास नको.

मुळात वृद्ध कोणास म्हणावे? सुश्रुताचार्य सूत्रस्थानात सत्तरीनंतर वार्धक्य मानतात, तर चरकाचार्य विमानस्थानात साठीपर्यंत मध्यम वय धरतात. सुश्रुतांनी मध्यम वयाचे पोटभाग पाडून चाळिशीपर्यंत धातूंची संपूर्णता व तेथून सत्तरीपर्यंत किंचित् हानी सांगितली आहे. मांसधातूचा ऱ्हास तिशी-चाळिशीपासून सुरू होऊन साठीनंतर वेग घेतो, असेच आधुनिक शास्त्रही मानते. बल राखावयाचे ते याच तीस वर्षांत. व्यायामशील मनुष्यावर जरा एकाएकी चालून येत नाही, हा निर्वाळा सुश्रुतांचाच आहे. त्यापुढील वयात वाताचे प्राबल्य असते आणि अतिव्यायामाने वात वाढतो. म्हणून तो निषेध अतिमात्रेचा समजावा व बलपरीक्षा करून मृदु व्यायाम द्यावा, असे आम्हांस वाटते.

बोस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. वृद्धाश्रमातील सुमारे नव्वद वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींस आठ आठवडे मांड्यांचा भारयुक्त व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. त्याच प्रयोगातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही : व्यायाम थांबविल्यावर अवघ्या चार आठवड्यांत बल ३२ टक्क्यांनी घटले. मिळविलेले बल साठवून ठेवता येत नाही.

आणि आपल्याकडे खंड पडतो तो ठरलेलाच. मृग लागला की पहाटेचे फिरणे व आखाड्यातील जाणे बंद होते, पुढे गणपती, मग नवरात्र. दिवाळीनंतर रुग्ण पुन्हा ‘सुरू करू का?’ असे विचारत येतो. चार महिन्यांत काय गमावले असेल, याची कल्पना वरील आकड्यावरून यावी. वर्षाऋतूत चरकांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे हे खरे. परंतु वाग्भटांनी शीतकाल व वसंत यांखेरीज इतर ऋतूंत ‘मंद’ व्यायामास वाव ठेवला आहे. आम्ही तोच आधार घेतो. पडवीत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून ठेवणे, एवढ्यास छत्रीही लागत नाही. (आषाढात चिखलात उभे राहून लावणी करणारा शेतकरी ऋतुचर्या विचारावयास येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.)

सातत्याचे उदाहरण हवे तर औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे घ्यावे. १८६८ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी आधी सँडोच्या उपकरणांनी वर्षानुवर्षे व्यायाम केला आणि चाळिशीच्या सुमारास सूर्यनमस्कार धरले. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३८ मध्ये, त्यांचे त्याविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. साधन लागत नाही, जागा थोडी पुरते आणि घरातील सर्वांना बरोबर घेता येते, यांतच त्या टिकण्याचे मर्म असावे. नमस्कारांची संख्या मात्र कोणाची पाहून ठरवू नये.

मात्रेसाठी अर्धशक्तीची लक्षणे पुरेशी आहेत. कपाळ, नाक, काखा व सांधे यांना घाम येणे, तोंडाला कोरड पडणे, श्वास तोंडावाटे घ्यावासा वाटणे, हे दिसताच थांबावे. ही लक्षणे एकूण श्रमाची आहेत, उचललेल्या वजनाची नव्हेत. म्हणून वजन हळूहळू वाढविण्यास त्यांची आडकाठी नाही. रक्तदाब, हृद्रोग, अंतर्गळ किंवा नुकतीच झालेली नेत्रशस्त्रक्रिया असल्यास आधी तपासणी हवी. भार उचलताना श्वास कोंडू नये. मोठ्याने आकडे मोजावयास सांगितले की तो आपोआप मोकळा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्यातून निदान दोन दिवस बलव्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. रोजचा हट्ट न धरताही एवढे साधते.

अर्धशक्तीचा व्यायाम वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी पुरुषास सांगितला आहे, ही अट विसरली जाते. रात्री नुसती पेज पिऊन झोपणाऱ्या आजींस व्यायाम सांगितला तर वातच वाढणार. दूध, तूप, मुगाचे कढण, चालत असल्यास मासे वा अंडी यांची योजना अग्नी पाहून आधी करावी. पित्तप्रकृतीस कुळथाची पिठी मात्र जपून द्यावी.

ज्वर येऊन गेल्यावर बल परत येईपर्यंत चरकांनी व्यायाम मना केला आहे. तो काळ पाळावा. त्यानंतर पूर्वीच्या निम्म्या संख्येपासून आरंभ करवून, भूक व झोप पूर्ववत आहेत ना हे पाहत, दर तीन-चार दिवसांनी एकेक आवर्तन वाढवावे.