मलिद्याच्या ताटाची दीडशे वर्षे

1874 साली पुण्यात एक हग्गादा छापली गेली. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत वाचायचा हा ग्रंथ. त्यात हिब्रू मजकुराला मराठी भाषांतराची जोड होती, कारण वाचणारे कोकणातले बेने इस्राएल होते आणि त्यांची घरची भाषा मराठी होती. या हग्गादेत एक चित्र आहे. लुगडी नेसलेल्या बायका सणासाठी बेखमीर भाकऱ्या तयार करत आहेत. युरोपात छापलेल्या हग्गादांमधल्या बायका युरोपी पेहरावात असतात. इथे मात्र अलिबाग-पेणकडच्या घरातला देखावा धर्मग्रंथाच्या पानावर आला. बेने इस्राएलांच्या सणाच्या स्वयंपाकाचा मागोवा घ्यायचा तर मला हे चित्र सर्वांत आधी आठवते, कारण बायकांच्या हातची कामगिरी पूजाविधीच्या बरोबरीने छापावी असे त्या पुस्तकाच्या कर्त्यांना वाटले होते.

त्या काळातले बाकीचे चित्र हाइम सॅम्युएल केहिमकरांनी लिहून ठेवले आहे. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास 1897 मध्ये लिहून झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, 1937 साली, तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यात जुन्या सणांची नावे येतात: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. यातली निम्मी तरी नावे सरळ स्वयंपाकघरातून आली आहेत. पेसाहला घरातले आंबट कालवणाचे मडके आठ दिवस झाकून ठेवायचे, तोच अनाशी ढाकाचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा पाळायच्या दिवशी वालाचे बिरडे खायचे, तो बिरड्याचा रोजा. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, बायबल मराठीत आले, आणि या सणांना त्यांची हिब्रू नावे पुन्हा मिळाली. ताटातले पदार्थ मात्र राहिले.

या पदार्थांत सगळ्यांत देखणा मलिदा. तो करायला अवघड नाही. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ताजे खवलेले ओले खोबरे आणि साखर किंवा गूळ घालायचा, वेलची-जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. शिजवणे नाही, तळणे नाही. खरे कसब त्यानंतर सुरू होते. मोठ्या परातीत किंवा थाळीत मधोमध पोह्यांची रास घालायची, हलक्या हाताने तिला घुमटाचा आकार द्यायचा आणि भोवती फळे मांडायची: खजूर, सफरचंद, संत्रे, चिकू, पेरू, केळे, जे हंगामात असेल ते. बहुतेक घरांत पाच प्रकार, काही घरांत सात. वर गुलाबाची फुले किंवा सब्जाच्या काड्या.

पाहुण्याला हे नुसते सजावटीचे ताट वाटते. मी बरीच वर्षे मराठी स्वयंपाकाबद्दल लिहीत आहे, आणि मला या ताटाबद्दल जे सांगायचे आहे ते इथेच आहे: यातली एकही वस्तू शोभेसाठी नाही. ज्यू धर्मात खाण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या अन्नावर वेगळा आशीर्वाद म्हणतात. झाडाच्या फळाचा वेगळा, भूमीच्या फळाचा वेगळा, धान्याचा वेगळा, द्राक्षरसाचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. मलिद्याच्या ताटात खजूर आणि सफरचंद आहेत ते झाडाच्या फळाच्या आशीर्वादासाठी. केळे आहे ते भूमीच्या फळासाठी, कारण केळीचा बुंधा वर्षानुवर्षे टिकत नाही. एकदा घड दिला की तो संपतो, म्हणून धर्मशास्त्र तिला वृक्ष मानत नाही. पोहे धान्यासाठी. गुलाब आणि सब्जा वासासाठी. तेही हातोहात फिरवून, हुंगून, मगच पुढे जायचे. शेजारच्या पेल्यातले सरबत काळ्या मनुकांचे असते. कोकणात विधीला चालेल अशी द्राक्षाची वाईन मिळत नव्हती, म्हणून मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचा रस काढत, आणि किद्दुश, म्हणजे पेल्यावरचा आशीर्वादही, त्याच रसावर होई.

म्हणजे ताट मांडणारी बाई प्रार्थनेचा क्रम मांडत असते. केळे विसरले तर एक आशीर्वाद अडतो. फुले नसली तर एक अडतो. हिब्रू न वाचता येणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांना हा क्रम हाताने पाठ होता, आणि ग्रंथ व शिक्षक यांच्यापासून शतकानुशतके दूर पडलेल्या समाजात धर्म कसा टिकला या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या परातीत दिसते. उरलेल्या उत्तरात शनिवारची सुट्टी आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले.

मलिदा एलियाहू हन्नाबीच्या नावाने होतो. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका कातळावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या अशी समाजाची श्रद्धा आहे. नवस फिटला की तिथे जाऊन मलिदा करायचा. घरी करायचा तर बाळाच्या जन्मानंतर, मेंदीच्या समारंभाला, नव्या घरात शिरताना, आजारातून उठल्यावर, लांबच्या प्रवासाआधी. शिवाय माघाच्या सुमारास येणाऱ्या तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाच्या सणाला, ज्याला केहिमकरांच्या काळी एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणत. उरूस आणि मलिदा हे दोन्ही कोकणातल्या पिरांच्या दर्ग्यांवरही आहेत. शेजाऱ्यांकडून रीत घ्यावी आणि आपल्या प्रार्थनेत बसवावी, हे या किनाऱ्यावर सगळ्यांनीच केले.

जुन्या कोकणी घरात हे ताट म्हणजे तांब्याची परात, खाली केळीचे पान आणि वाडीतली फळे. बेने इस्राएलांतली माणसे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत गेली, मुंबईत स्थिरावली, आणि 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मांडवीत पहिले प्रार्थनालय बांधले. त्याला शार हारहामीम म्हणतात. लोकांच्या तोंडी ते जुनी मशीद. मुंबईने ताट बदलले. बाजारात काश्मीरचे सफरचंद, बसऱ्याचा खजूर, पिस्ते मिळू लागले. परातीची जागा आधी पितळी आणि मग स्टीलच्या थाळीने घेतली. सफरचंदाच्या फोडी कमळासारख्या कापून लावायच्या, संत्र्याच्या फाकी गोल फिरवायच्या, ही नक्षी शहरातली. काही वयस्क बायका ती नको म्हणतात. त्यांच्या मते फळ अखंड असावे आणि आशीर्वादानंतर कापावे. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण कापलेले सफरचंद प्रार्थना संपेपर्यंत काळे पडते आणि शेवटी लोकांच्या हातात शिळ्यासारखे दिसते.

मलिद्याला एक तास पुरतो. चिकाच्या हलव्याला तीन दिवस लागतात, आणि रोश हशानाचे, म्हणजे नव्या वर्षाचे ताट त्याच्याशिवाय पुरे होत नसे.

कुरडया करणाऱ्या कुणालाही पहिला भाग ओळखीचा वाटेल. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून द्यायचे. पुढे वाट वेगळी होते. नारळ खवून त्याचे दाट दूध काढायचे. ज्यू नियमानुसार मांसाबरोबर दूध चालत नाही आणि मटणाच्या जेवणानंतर लगेच दुधाचे गोडही चालत नाही. सणाच्या जेवणात मटण तर असणारच. खवा गेला, तूप गेले, बासुंदी गेली. युरोपातल्या ज्यू गृहिणींनी याच अडचणीपायी बदामाच्या दुधाचा आणि फेटलेल्या अंड्यांचा आधार घेतला. कोकणात नारळ होता, आणि त्याने नुसती उणीव भरून काढली नाही. नारळाचे दूध आटता आटता स्वतःचे तेल सोडते, त्यामुळे हलवा तुपाशिवाय चकाकतो. चीक, नारळाचे दूध, साखर आणि मिठाची चिमूट एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात ढवळत राहायचे. हात थांबला की गाठी होतात. आधी पातळ पांढरे, मग खळीसारखे, मग पारदर्शक होत जाणारे ते मिश्रण कडा सोडू लागले की थाळीत ओतायचे. काही घरांत त्यात गुलाबी रंग घालतात. वर बदाम-पिस्त्याचे काप, थंड झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या चौकटी वड्या. नीट जमलेली वडी उजेडात धरली तर कडेने उजेड आरपार येतो आणि दाताखाली ती किंचित ताणून मग सुटते.

हे एकटीचे काम नव्हते. चुलीवरच्या मोठ्या भांड्याशी शेजारच्या, नात्यातल्या बायका पाळीपाळीने उभ्या राहत. विसाव्या शतकात चाळीतल्या एका खोलीत, पुढे रेल्वेच्या आणि कचेऱ्यांच्या वेळा पाळणाऱ्या घरांत, ते अवघड होत गेले. मग चायना ग्रास आले. ही समुद्री शेवाळापासून काढलेली पांढरी झिरझिरीत पट्टी. पाण्यात विरघळवून नारळाच्या दुधात उकळायची, थाळीत ओतायची, अर्ध्या तासात घट्ट. साधे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते, म्हणून ते चालत नाही. चायना ग्रास वनस्पतीचे, म्हणून मांसाच्या जेवणानंतरही निर्धास्त. त्यात रंगांचे थर देता आले, साचे वापरता आले, गुलाबीवर हिरवा आणि मधे पांढरा अशी पट्टेरी वडी निघू लागली. दिसायला चायना ग्रासचा हलवा उजवा आहे हे मान्य करावे लागते. खायला नाही. तो तुटतो, ताणत नाही, आणि भाजलेल्या गव्हासारखा जो खोल वास चिकाला सुटतो तो त्यात नसतो. पण तो आला नसता तर नोकरी करणाऱ्या पिढीच्या रोश हशानाला हलवाच उरला नसता, आणि हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

बाकीच्या सणांत सजावटीला फार वाव नाही. पुरीमला पुरणपोळी, कारण तो होळीच्या आगेमागे येतो आणि जुने नावच होळीचा सण होते. मासळी हिरव्या मसाल्यात, पापलेट असेल तर अखंड. खवले आणि पर असलेलाच मासा, त्यामुळे कोळंबी आणि कुर्ल्यांच्या किनाऱ्यावर राहूनही त्या या ताटात कधी नव्हत्या. दावीद राहबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे नाना प्रकारची मासळी टाकली, त्यांनी खवले-परांची तेवढी वेचून काढली आणि त्यावरून त्याने हे लोक ज्यू असल्याचे ओळखले, अशी समाजाची कथा आहे.

1948 साली भारतात बेने इस्राएल सुमारे 20,000 होते. पुढच्या दोन दशकांत बहुतेक इस्राएलला गेले. बेरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद, किर्यात गात अशा गावांत त्यांना घरे मिळाली. देशात तेव्हा शिधावाटप चालू होते, ओला नारळ मिळणे कठीण होते, आणि त्याहून कठीण गोष्ट वेगळीच होती: तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबद्दल शंका घेतली. ज्यांनी खंडाळ्याच्या कातळापाशी पिढ्यान् पिढ्या आशीर्वाद म्हटले, त्यांना आपण ज्यू असल्याचे सिद्ध करावे लागले. जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. तरी मुळात असे सिद्ध करावे लागणे हाच अपमान होता, आणि त्याबद्दल आजही वाचताना राग येतो.

त्यानंतर तिथे मलिद्याचे ताट लहान झाले नाही, वाढले. तू बिश्वातला लोक हैफाच्या एलियाहूच्या गुहेत जाऊ लागले. खंडाळ्याची जागा तिने घेतली. मेंदीच्या समारंभांत, मोठ्या सभागृहांत, मलिदा पुढे ठेवला जाऊ लागला. फळांत तिथले डाळिंब आणि तिथलाच खजूर आला, म्हणजे ज्या भूमीकडे तोंड करून कोकणात आशीर्वाद म्हणत तिचीच फळे आता परातीत आली. पोहे आणि मसाले रामला-दिमोनाच्या भारतीय किराणा दुकानांत मिळतात. ताट अधिक उंच, अधिक भरगच्च होण्यामागे हौस आहेच. पण माझ्या समजुतीने त्यात 1964 चेही काही आहे. इतर ज्यूंच्या समोर हे ताट मांडताना आमची रीत आमची आहे आणि ती पुरेपूर ज्यू आहे असे सांगायचे असते. ताटातला प्रत्येक तुकडा एका हिब्रू आशीर्वादाला बांधलेला असल्यामुळे हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

इकडे भारतात आता हा समाज काही हजारांवर आला आहे. ठाणे आणि मुंबई ही त्याची मुख्य ठिकाणे. अलिबाग, पनवेल, रेवदंड्याची प्रार्थनालये सणावारी उघडतात, इस्राएलहून आलेल्या नातवंडांच्या बस खंडाळ्याला थांबतात. एस्थर डेव्हिड यांनी भारतीय ज्यूंच्या पाककृती गोळा करून 2021 मध्ये पुस्तकरूपात आणल्या, हे मोठे काम झाले. तरी पाककृतीत माप लिहिता येते, मांडणी लिहिता येत नाही. कोणत्या घरात पाच फळे आणि कोणत्या घरात सात, खजूर राशीच्या माथ्यावर की कडेला, सब्जा कोण घालतो आणि गुलाब कोण, चीक किती ढवळला की पुरे हे कशावरून ओळखायचे: हे सगळे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बायकांकडे आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, घरागणिक, गावाच्या नावासह ते टिपून आणि चित्रित करून ठेवायला हवे. आडनावांतून गावे अजून ओळखू येतात, पेणकर, चेऊलकर, नवगावकर, अष्टमकर. त्या गावांच्या परातींची यादी याच दशकात करावी लागेल, आणि ती मराठीतच करता येईल.