ओल्या पावलांसाठी फरशी

घर बांधायला काढले किंवा जुन्या घराची डागडुजी सुरू झाली की हल्ली इपॉक्सी फ्लेक फरशीचे नाव निघते. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने ती तिथल्या गॅरेजमध्ये, शोरूममध्ये पाहिलेली असते. तो मोबाइलवर फोटो पाठवतो आणि घरात रंगाची चर्चा सुरू होते. राखाडी घ्यायचा की बदामी? आमच्या मते मात्र आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. फ्लेक्स किती टाकायचे, आणि त्या फरशीवर ओल्या पायांनी कोण चालणार आहे?

ही फरशी पाहून जुन्या मोझॅक लादीची आठवण येते, पण दोन्हींत मोठा फरक आहे. मोझॅकमधली चिप म्हणजे संगमरवराचा तुकडा. तो सिमेंटमध्ये बसवून घासलेला असतो, त्यामुळे झिजला तरी दगडच उरतो. फ्लेक म्हणजे कागदासारखी पातळ, रंगीत, प्लास्टिकसारखी कपची. कोब्यावर इपॉक्सीचा ओला थर द्यायचा, तो ओला असतानाच त्यावर कपच्या उधळायच्या आणि वाळल्यावर वरून पारदर्शक थर चढवायचा. फरशीचे आयुष्य या वरच्या थरावर आणि खालच्या कोब्याच्या तयारीवर अवलंबून असते. कपच्यांचा दिखाऊपणा त्यानंतर येतो.

कपच्या दोन रीतींनी टाकतात. पहिली रीत विरळ शिंपडण्याची. तीत खालचा रंग दिसत राहतो आणि त्यावर ठिपके उमटतात. दुसऱ्या रीतीत फरशी आणखी कपच्या घेईनाशी होईपर्यंत उधळत राहायचे. दुसऱ्या दिवशी न चिकटलेल्या कपच्या झाडून काढायच्या, उभ्या राहिलेल्या कडा स्क्रॅपरने खरवडायच्या आणि मग वरचा थर द्यायचा. या दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे, पण तो सर्वांत अवघड. अर्धवट भरलेल्या फरशीवर कुठे दाट, कुठे विरळ असे चट्टे लगेच डोळ्यांत भरतात. सराईत कारागीर कपच्या खाली फेकत नाही. बिर्याणीवर तळलेला कांदा भुरभुरावा तशा उंचावरून हवेत सोडतो. असा हात नसेल तर मधल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये.

ठेकेदार ‘सत्तर टक्के’, ‘ऐंशी टक्के’ असे सांगतो. डोळ्यांनी टक्के मोजता येत नाहीत, किलो मोजता येतात. पाव इंची कपची पूर्ण भरायची तर चौरस फुटाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम लागते. १० बाय १५ चा पोर्च म्हणजे १५० चौरस फूट, म्हणून ९ ते ११ किलो. विरळ शिंपडायला तेवढ्याच जागेला अर्धा-एक किलो पुरतो. फरक सुमारे दहापट किंवा त्याहून जास्त आहे, तेव्हा दरपत्रकात किती किलो ते लिहून घ्यावे. ‘फ्लेक फरशी’ एवढे दोन शब्द लिहिलेले दरपत्रक परत करावे.

आता पायांचे पाहू. आपल्या घरात दिवसातून पाच वेळा पाय ओले होतात. वुझू करून उठलेली आजी पदर सावरत मोरीतून बाहेर येते, तेव्हा तिच्या पायाखाली काय आहे ही शोभेची बाब राहत नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. विरळ फ्लेक्सची फरशी म्हणजे जवळजवळ गुळगुळीत इपॉक्सीच, पाणी पडले की काचेसारखी. पूर्ण भरलेल्या फरशीला खरखरीतपणा असतो, पण वरचा थर जाड दिला की तोही बुजतो. म्हणून ओल्या जागी पूर्ण भर घ्यावी आणि शेवटच्या थरात न घसरण्यासाठीची बारीक कणी मिसळायला सांगावी. कणी फार भरड नको. अनवाणी पायांना टोचते, मळ धरते आणि पोछा अडकतो. आधी दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना करून घ्यावा, त्यावर पाणी ओतावे आणि अनवाणी चालून पाहावे. मशिदीच्या वुझूखान्यासाठी तर हा नमुना जमातीतल्या वयस्कर मंडळींकडून तपासून घ्यावा. पैसा चंद्याचा असतो.

ठिपक्यांच्या गर्दीत पायरीची कड आणि सांडलेले पाणी दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर नाहीच. पायरीच्या काठाला वेगळ्या रंगाची साधी पट्टी मारावी. शिवणकामाच्या खोलीत दाट फ्लेक्स नकोत, कारण पडलेली सुई तिथे सापडत नाही. औषधाच्या गोळीचेही तेच. नमाजच्या खोलीत फरशी साधीच बरी. नक्षीदार चादरीने नमाजमध्ये लक्ष विचलित झाले म्हणून प्रेषितांनी (स.) ती परत पाठवून साधी चादर मागवली, हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. सगळ्या घरभर दाट फ्लेक्स भरणे आम्हाला तरी इसराफच वाटतो.

काही ठिकाणी ही फरशी करूच नये. कोकणात जोत्याखालून ओल चढते. कोब्यात ओल असेल तर इपॉक्सीला फोड येतात आणि पोपडे सुटतात. परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारही कडांना टेप लावायची आणि किमान सोळा तास तसेच ठेवायचे. नंतर प्लास्टिकच्या आत पाणी दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर इपॉक्सीचा नाद सोडून शहाबादी किंवा खरखरीत कोटा लादी बसवावी. नवा कोबा किमान २८ दिवस मुरू द्यावा. पावसाळ्यात काम काढू नये. उन्हाच्या पोर्चमध्ये वरचा थर इपॉक्सीचा नको, तो पिवळा पडतो. तिथे पॉलिअस्पार्टिक मागावे. एका दिवसाने हलके चालता येते, पण दुचाकी आठवडाभर बाहेर राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट दरपत्रकात नसते. इपॉक्सी हाताला लागून सुकली की नेलपॉलिशसारखाच थर बसतो. त्याखाली पाणी पोहोचत नाही, म्हणजे वुझू होत नाही. काम करणाऱ्या पोरांना हातमोजे द्यावेत आणि लागलेले ओले असतानाच पुसून घ्यायला सांगावे. या रसायनाने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी होते, तेव्हा हातमोजे तसेही हवेतच. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण थर पूर्ण वाळेपर्यंत तिकडे फिरकू नयेत.

झाडून काढलेल्या कपच्यांत कचरा नसेल तर त्या पुन्हा वापरता येतात. त्यांतली किलोभर पिशवी घट्ट बांधून आपल्याकडे ठेवून घ्यावी. पुढे कुठे टवका उडाला तर नेमकी तीच छटा बाजारात मिळेल असे नाही.